सावलीलाही रंग देणारे सार्यान

१९१० साली आर्मेनियन चित्रकार मार्तिरोस सार्यान यांनी कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका गल्लीचं टेंपेरा रंगांत चित्र केलं. वेळ भर दुपारची. ऊन नारिंगी, आणि त्याला लागून गडद निळी सावली. सावली म्हणजे काळोख, हे आपण धरूनच चालतो. सार्यान यांच्याकडे मात्र ती उन्हाइतकीच सतेज असते. त्यांची चित्रं पाहताना माझी नजर पहिल्यांदा सावलीवरच जाते.

दक्षिण रशियातल्या नोर-नाखिचेवान या आर्मेनियन वसाहतीत १८८० साली त्यांचा जन्म झाला. मॉस्कोत सेरोव्ह आणि कोरोविन या चित्रकारांच्या हाताखाली ते शिकले. पुढे तुर्कस्तान, इजिप्त, इराण पाहून आले. मग १९१५ उजाडलं. ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियनांच्या कत्तलींतून वाचलेल्या निर्वासितांचे लोंढे आर्मेनियातल्या एचमियाद्झिनला येऊन पडले होते. सार्यान मदतीला धावून गेले, आणि समोर जे दिसलं त्यानं ते मनानं पार खचले.

हा माणूस पुढे आयुष्यभर काळोखच रंगवत बसला असता, तरी कुणी बोल लावला नसता. पण १९२१ मध्ये ते बायकामुलांसह आर्मेनियातल्या येरेवानला राहायला आले. देश नुकताच सोव्हिएत झालेला, उपाशी, अनाथ मुलांनी भरलेला. अशा ठिकाणी चित्रकाराचं काय काम? सार्यान यांनी पुरातत्त्व, लोकजीवन आणि कला यांचं सरकारी संग्रहालय उभं करायला घेतलं. चित्रशाळा सुरू करण्यात ते होते, नाटकगृहाचा पडदा त्यांचा, प्रजासत्ताकाच्या राजचिन्हावरचा अरारात पर्वतही त्यांचाच. जे लोक सर्वस्व गमावून आले होते, त्यांना ‘हे आपलं’ म्हणून दाखवता येईल असं काहीतरी हवं होतं. ते त्यांनी कामाला लागून दिलं. १९२३ सालचं ‘आर्मेनिया’ हे विशाल चित्रही याच धडपडीतलं आहे, असं मला वाटतं. त्यात डोंगर आहेत, शेतं आहेत, नाचणारी माणसं आहेत.

नियतीनं मात्र त्यांना सुखानं रंगवू दिलं नाही. १९२८ मध्ये पॅरिसचं प्रदर्शन आटोपून चित्रं परत निघाली असता जहाजाला आग लागली आणि जवळजवळ सगळी जळाली. १९३७ ची आग तर माणसांनी हेतुपुरस्सर लावलेली. स्टालिनच्या राजवटीनं ज्यांना ‘जनतेचे शत्रू’ ठरवलं, त्यांची सार्यान यांनी काढलेली किमान बारा व्यक्तिचित्रं नष्ट करण्यात आली. अशांपैकीच एक, कवी येघिशे चारेन्त्स, त्याच वर्षी तुरुंगात मेले. त्यांचं १९२३ सालचं व्यक्तिचित्र मात्र वाचलं.

सार्यान पुन्हा रंगवत राहिले. १९४५ पासून काही वर्षं आर्मेनियाच्या चित्रकार संघाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. मुलगा गाझारोस संगीतकार झाला आणि पुढे येरेवानच्या संगीत विद्यापीठाचा प्रमुख. संस्था चालवण्याचं व्रत घरातच होतं म्हणायचं. १९६७ मध्ये राहत्या घराला लागून त्यांचं संग्रहालय उघडलं, तेव्हा ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. त्यानंतर पाच वर्षांनी ते गेले.

मला त्यांचं सर्वांत जवळचं वाटतं ते १९४५ सालचं एक भलंमोठं चित्र. महायुद्धात लढलेल्या आर्मेनियन सैनिकांना ते अर्पण केलं आहे. रणांगण नाही, बंदुका नाहीत. परतलेल्यांसाठी आणि न परतलेल्यांसाठी सार्यान यांनी फुलं रंगवली आहेत, नुसती फुलं, दाटीवाटीनं.