जुन्या शौचालयांवरील डाग : खर्चाचा आणि काळजीचा हिशेब

अहवाल वर्षाच्या प्रारंभी, जुन्या इमारतीतील बारा शौचालयांची भांडी काढून तेथे नवी बसवावीत असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला होता. भांड्यांना तडे गेलेले नव्हते. ती केवळ पिवळी-तपकिरी पडली होती आणि कितीही घासली तरी उजळत नव्हती. मागणी मात्र गैरवाजवी म्हणता येत नव्हती. स्त्री कक्षातील एका वृद्ध रुग्ण मातेने शस्त्रक्रियेनंतर पाणी पिणेच कमी केले होते. लघवीच्या नोंदी पाहून परिचारिकेने कारण विचारले, तेव्हा "तिथं पाय ठेववत नाही, बाई," एवढेच उत्तर मिळाले. भरपूर पाणी प्या, असे डॉक्टरांनी सांगावे आणि आमच्या शौचालयाने तो सल्ला मोडून काढावा, ही गोष्ट आम्हांस फार लागली.

तथापि देणगीदारांच्या पैशातून नवा माल घेण्यापूर्वी जुना का बिघडला हे पाहणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. म्हणून एक भांडे प्रथम काढून पाहिले. पाणी उभे राहते त्या रेषेखाली नखाएवढ्या जाडीचा कठीण थर बसलेला होता. त्याचा तुकडा खरवडून त्यावर लिंबू पिळले, तर बारीक फेस आला. ज्याला आपण मळ समजत होतो, तो बहुतांशी दगड होता.

या दगडाचा उगम आपल्या विंधन विहिरीत आहे. पावसाचे पाणी मातीतून खाली झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. असे पाणी जड होते. पिण्याच्या पाण्यात एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. भांड्यात हे पाणी उभे राहिले वा सुकले की कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्याच जातीचा, थर मागे उरतो. लघवीतील युरियाचे जंतूंकडून विघटन होऊन पाणी अल्कधर्मी बनते, त्यामुळे फॉस्फेटचे क्षारही त्यात मिसळतात. पाण्यात लोह असल्यास हवा लागताच ते गंजते आणि तांबूस पट्टा उमटतो. खडबडीत थरात मळ व जंतू यांना आसरा मिळतो, दुर्गंधी येते ती त्यामुळेच. फ्लशच्या टाकीतून सतत झिरपणारी बारीक धार या सर्वांची जननी होय. आमच्या बारापैकी बहुतेक भांड्यांवर जेथे धार पडत होती, तेथेच पट्टा सर्वांत गडद होता. वॉशर वेळीच बदलले असते तर अर्धे काम वाचले असते, हे आमच्या व्यवस्थेचे न्यून येथे मान्य केले पाहिजे.

दगड विरघळतो तो आम्लाने. ब्लिचिंग पावडर जंतू मारते, सेंद्रिय डाग फिका करते, पण क्षाराच्या थराला ती काहीही करीत नाही. लोहाचा डाग तर तिने अधिकच पक्का होतो. सर्वसाधारण समजूत मात्र अशी की, दोन जालीम पदार्थ एकत्र केले तर काम दुप्पट होते. याच समजुतीपायी काही वर्षांपूर्वी आमच्या एका सफाई मावशींनी ब्लिचिंग पावडर टाकलेल्या भांड्यात वरून ॲसिड ओतले. दोन्हींच्या संयोगाने क्लोरिन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. आमचे शौचालय चार फूट रुंद, खिडकी बंद. मावशींना खोकत बाहेर आणावे लागले आणि आमच्याच कक्षात प्राणवायूवर ठेवावे लागले. त्या बऱ्या झाल्या व कामावरही परतल्या. चूक त्यांची नव्हती. दोन्ही पदार्थ एकाच कपाटात आणि ॲसिड तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, चिठ्ठीविना, आम्हीच ठेवले होते. ज्या विदर्भात गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावे झाडली, तेथे खराटा धरणाऱ्या हाताला साधे हातमोजे देण्यास आम्हांस एवढा उशीर व्हावा!

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले आहेत. आम्ही तर सुटे ॲसिड आणणेच बंद केले. ते फरशीच्या सांध्यातील सिमेंट व मोझॅकमधील संगमरवरी खडे खाते, त्याच्या वाफेने नळ गंजतात. संडास धुण्याच्या तयार द्रवातही बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लच असते, पण सौम्य केलेले. ब्लिचिंग पावडरशी त्याचेही वैर तितकेच आहे.

जुन्या थरासाठी आम्ही किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल वापरले. प्रथम भरपूर पाणी ओतून पूर्वीच्या पावडरीचा अंश घालविला. मग ब्रशने दाबून भांड्यातील उभे पाणी शक्य तितके पुढे ढकलले, कारण पाणी राहिल्यास आम्ल पातळ होऊन वाया जाते. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून ते रात्री ओतले. उकळते पाणी टाळावे, त्याने चिनी मातीला तडा जाण्याची भीती असते. पाण्याच्या रेषेवरील पट्ट्यावर त्याच द्रावणात भिजविलेल्या जुन्या चादरीच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या. सकाळी नायलॉनच्या ब्रशने घासून धुतले. एका रात्रीत चमत्कार झाला नाही. काही भांड्यांना पाच-सहा रात्री द्याव्या लागल्या. तारेचा ब्रश व वाळू यांना मात्र सक्त मनाई केली, कारण चकाकीवर ओरखडे पडले की पुढचा थर तेथेच लवकर धरतो. निर्जंतुकीकरण निराळ्या वेळी, भांडे पूर्ण धुतल्यानंतरच केले जाते.

रुग्णांच्या आप्तांनी घरीही हाच क्रम ठेवावा. सेप्टिक टँक असल्यास हात विशेष आखडता घ्यावा, कारण अति रसायनाने टाकीतील उपयोगी जंतूही मरतात.

बारापैकी नऊ भांडी आज वापरण्याजोगी स्वच्छ आहेत. उरलेल्या तिघांची चकाकी पूर्वीच्या घासण्याने गेलेली असल्याने ती बदलावी लागतील. वाचलेल्या रकमेतून टाक्यांचे वॉशर, हातमोजे, बूट, डोळ्यांचे चष्मे आणि प्रत्येक शौचालयात हवा बाहेर फेकणारा पंखा घेण्यास मंडळाने मान्यता दिली आहे. आम्ल आणि ब्लिचिंग पावडर आता दोन वेगळ्या कपाटांत असतात. ब्लिचिंग पावडरच्या कपाटाची किल्ली त्याच मावशींकडे आहे.