कळ दाबली तरी व्याख्यान का थांबत नाही?

साताऱ्या-सांगलीकडे जुन्या व्याख्यानांच्या कॅसेटी अजूनही घरोघरी निघतात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्यातून ज्या वाचल्या त्या आता संगणकावर चढवून ठेवायला हव्यात. पण नुसतं चढवून भागत नाही. कुणीतरी बसून एकेक वाक्य ऐकायचं आणि टंकायचं. या कामाला ज्यांच्याकडे वेळ आहे ते बहुधा आमच्याच वयाचे, सत्तरी ओलांडलेले. दर वाक्याला माऊसकडे हात न्यायचा म्हटलं की तासाभरात मनगट बोलायला लागतं. कीबोर्डवर ‘चालू-थांब’ची खूण असलेली कळ असते खरी, पण लिनक्सवर कधी कधी ती दाबून काहीच होत नाही. आज आम्ही तेवढ्यापुरतंच बोलणार आहोत.

कळ दाबली की संगणकाला ‘थांब’ असं ऐकू जातं, ही आपली समजूत. तसं नसतं. कळ फक्त एक आकडा पाठवते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या आकड्याला आपला क्रमांक लावतो: चालू-थांबला १६४, आवाज बंदला ११३, कमी करायला ११४, वाढवायला ११५. त्याच्यावर एक्स नावाचा थर असतो. त्याची मोजणी ८ पासून सुरू होते, म्हणून तिथे १६४ चे १७२ होतात आणि त्याला ‘एक्सएफ८६ऑडिओप्ले’ असं लांबलचक नाव मिळतं. त्या नावाचं काय करायचं हे डेस्कटॉप ठरवतो. तो ग्नोम असेल, सिनॅमन असेल. शेवटी डेस्कटॉप ‘डी-बस’ या निरोप्याकरवी प्लेअरला कळवतो. निरोपाची ठरलेली भाषा असते, तिला एमप्रिस म्हणतात.

आता बघा, मीमांसक म्हणतात शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य आहे. नैयायिक म्हणतात, छे, तो संकेत आहे, ठरवलेला. केवलानंद सरस्वतींनी ज्या वाईत मीमांसाकोश रचला, ती वाई याच सातारा जिल्ह्यातली. तेव्हा हे जरा जपूनच बोललेलं बरं. पण कीबोर्डापुरतं नैयायिकांचंच खरं! कळेवर छापलेली खूण म्हणजे अर्थ नव्हे. अर्थ चार ठिकाणी ठरतो, म्हणून बिघडतोही चार ठिकाणी. कळ चालत नाही म्हणजे कीबोर्ड खराब, असं धरून बाजारात धावू नका.

आधी लॅपटॉपवर ‘एफएन’ कळ धरून दाबून पाहा. अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर टर्मिनल उघडून ‘एक्सईव्ही’ ही आज्ञा द्या, तिची छोटी खिडकी उघडेल, तिच्यावर कळ दाबा. नाव उमटलं, तर कळ इथवर पोचते आहे, पण डेस्कटॉपनं तिला काम दिलेलं नाही. नाव न उमटता नुसतं फोकस गेला-आला असं दिसलं, तर डेस्कटॉपनं ती आधीच ताब्यात घेतलेली आहे. दोष पुढे, प्लेअरकडे शोधायचा. काहीच उमटलं नाही, तर घोटाळा खालच्या थरात. (नव्या वेलँड पद्धतीत मात्र या खिडकीवर पूर्ण विसंबू नये.)

काम द्यायचं कसं? ग्नोममध्ये सेटिंग्ज, त्यात कीबोर्ड, त्यात शॉर्टकट, त्यात ‘साउंड अँड मीडिया’. ‘प्ले’च्या ओळीवर टिचकी मारा आणि हवी ती कळ दाबा. तशी खास कळ नसेल तर जुन्या कीबोर्डांवर उजवीकडे वर ‘पॉज’ नावाची कळ असते, बिचारी वर्षानुवर्षं बिनकामाची बसलेली. तिला द्या.

उतरवून घेणाऱ्याला थांबवण्याइतकंच मागे जाणं लागतं. त्यासाठी ‘प्लेअरसीटीएल’ हा छोटा प्रोग्राम बसवा आणि आपला स्वतःचा शॉर्टकट करून त्यात आज्ञा लिहा: प्लेअरसीटीएल, जागा, पोझिशन, जागा, ५ आणि त्याला चिकटून वजाचं चिन्ह. म्हणजे ५ सेकंद मागे. आमच्यासारखा लांबण लावणारा वक्ता असेल तर १० ठेवा. सगळं रोमन छोट्या अक्षरांत, आकडासुद्धा. कीबोर्ड मराठीवर राहिला तर देवनागरी आकडा उमटतो आणि आज्ञा चालत नाही. ती आधी टर्मिनलमध्ये चालवून बघा, मगच शॉर्टकटात घाला.

व्हीएलसीला हे नीट समजतं. ब्राउझरमधल्या व्हिडिओला मागे जायची आज्ञा समजेलच असं नाही. शिवाय ब्राउझर आणि व्हीएलसी दोन्ही उघडे असले की निरोप भलत्याच्याच दारी जायचा! अशा वेळी प्लेअरसीटीएलच्या पुढे, पोझिशनच्या आधी, वजाचं चिन्ह, त्याला चिकटून पी, मग जागा आणि व्हीएलसी असं लिहून नाव घेऊनच सांगावं.

बोटं फारच दुखत असतील तर पायानं दाबायचं पेडलही मिळतं. यूएसबीला लावल्यावर बरीच पेडलं संगणकाला आपली ओळख कीबोर्ड अशीच करून देतात, त्यामुळे त्यांनाही काम याच पद्धतीनं, याच यादीतून देता येतं.