जुना रायझन ओव्हरक्लॉक करायचाय? स्वस्त मदरबोर्ड घेताना आधी हीटसिंक बघा

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बसमध्ये ऐकताना आकडे निसटतात अशी तुमची तक्रार असते, म्हणून या वेळी आकडे जरा नीट मांडलेत.

सुरुवात एका मेसेजपासून करतो. अकोल्याची एक श्रोती ब्लेंडर शिकतेय आणि छोटी छोटी फ्रीलान्स कामं घेतेय. मोठ्या भावाचा जुना पीसी तिच्याकडे आलाय. प्रोसेसर रायझन ५ १६००, बोर्ड ए-३२० चिपसेटचा. तिने लिहिलंय, "दादा, एका रेंडरला ५० मिनिटं लागतात. साठवलेले ६ हजार आहेत. ओव्हरक्लॉकिंग होईल असा स्वस्तातला बोर्ड सांग ना."

सहा हजार साठवायला तिला किती महिने लागले असतील याचा विचार केला, आणि म्हटलं एका ओळीत बोर्डाचं नाव टाकून मोकळं व्हायचं नाही. नीट समजून घेऊ.

आधी चिपसेटचं गणित

रायझन ५ १६०० आला एप्रिल २०१७ मध्ये. ६ कोर, १२ थ्रेड, १४ नॅनोमीटर. रायझनचे डेस्कटॉप प्रोसेसर जवळपास सगळेच अनलॉक्ड असतात, म्हणजे मल्टिप्लायर आपण वाढवू शकतो. पण बोर्डाची परवानगी लागते. ए-३२० वर ती नाही. बी-३५०, एक्स-३७०, बी-४५०, एक्स-४७० वर आहे. मग कुणी म्हणेल, नवा ए-५२० घेऊ. नको, त्यावरही प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी-५५० वर होतो, पण पहिल्या पिढीच्या रायझनला त्या बोर्डाचा अधिकृत सपोर्टच नाही. म्हणजे जुन्या रायझनसाठी खिशाला परवडणारे पर्याय उरतात दोनच: २०१७ चा बी-३५० आणि २०१८ चा बी-४५०.

इंटेलवाल्यांसाठी चटकन सांगतो. तिकडे साधारणपणे नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा बोर्ड, अशी जोडी लागते. जुने झेड बोर्ड आता कमी मिळतात, आणि कधी कधी बोर्डच प्रोसेसरपेक्षा महाग पडतो. त्यामुळे बजेटमध्ये हा खेळ एएमडीवर जास्त जमतो.

चूक इथे होते, माझीही झाली होती

बी-४५० असं खोक्यावर लिहिलेलं दिसलं की आपण खूश. पण चिपसेट फक्त परवानगी देतो. भार उचलतो तो बोर्डावरचा व्हीआरएम.

२०१९, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, नागपुरातली भाड्याची खोली, मे महिना. माझ्याकडे हाच प्रोसेसर होता आणि मिळाला त्यातला सगळ्यात स्वस्त बी-३५० बोर्ड. रात्री बायोसमध्ये जाऊन ३.९ गिगाहर्ट्झ सेट केला. पीसी चालू झाला, आकडा दिसला, मी राजा! मग प्रोजेक्टच्या डेमोचा व्हिडिओ रेंडरला लावला. एरवी ४० मिनिटांत होणारं काम, तासाभरानंतरही चालूच. प्रोसेसरचं तापमान बघितलं तर ७० अंश, म्हणजे काही वावगं नाही. आणि तरी वेग मधेच धपकन खाली यायचा, परत वर जायचा.

वैतागून केसची बाजूची पत्री काढली आणि टेबलफॅन आत रोखला. दोन-तीन मिनिटांत वेग स्थिर! तेव्हा कळलं की तापत होता व्हीआरएम. त्यावर हीटसिंक नावालासुद्धा नव्हता. बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग पाडत होता. ओव्हरक्लॉक करून मी माझा पीसी हळू करून ठेवला होता.

व्हीआरएम नेमकं करतो काय?

पॉवर सप्लायकडून बोर्डाला मिळतात १२ व्होल्ट. प्रोसेसरला लागतात साधारण १.२ ते १.३५ व्होल्ट. ही उतरवणी व्हीआरएम करतो. सॉकेटच्या डावीकडे आणि वर चौकोनी राखाडी ठोकळे दिसतात ना, ते चोक. त्यांच्या शेजारी छोट्या काळ्या चिप असतात, ते मॉसफेट. मॉसफेट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, आणि सगळ्यात जास्त तापतात तेच.

एक मॉसफेटची जोडी आणि एक चोक म्हणजे ढोबळमानाने एक फेज. मार्केट यार्डात ट्रक रिकामा करणारे हमाल आठवा. पाळीपाळीने पोती उचलतात. चौघं असले तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त पोती, सहा असले तर कमी. माणसं तीच, पोती वाढवली की दमणार. आणि नुसती डोकी मोजूनही भागत नाही, गडी किती दमाचा आहे हेही बघावं लागतं.

आता आकडे. प्रोसेसरची वीज ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, सगळे कोर कामाला लागल्यावर आपला १६०० हा ३.४ गिगाहर्ट्झवर, १.२ व्होल्टवर, ८० वॅट घेतोय. तो नेला ३.८ वर, १.३५ व्होल्ट देऊन.

वेग वाढला सुमारे १२ टक्के.
व्होल्टेजचा वर्ग वाढला सुमारे २७ टक्के.
दोन्ही मिळून वीज वाढली सुमारे ४१ टक्के, म्हणजे ८० चे झाले ११३ वॅट.

करंट गेला ६७ वरून ८४ अँपिअरवर. मॉसफेटमधली बरीचशी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती झाली जवळजवळ १.६ पट. १२ टक्के वेगासाठी बोर्डाला एवढा घाम! आणि हे झालं खोली थंड असताना. २५ अंशांची खोली मे महिन्यात ४० ची झाली की सगळी तापमानं आणखी १५ अंशांनी वर. विदर्भ-खानदेशातल्या मंडळींनी परदेशी यूट्यूबरचा निकाल जसाच्या तसा धरू नये, तो यासाठीच.

मग बोर्ड निवडताना काय बघायचं?

एक, व्हीआरएमवर हीटसिंक. प्लास्टिकचं झाकण नको, स्क्रूने बसवलेला धातूचा ठोकळा हवा, शक्यतो खाचा असलेला.

दोन, फेजची जाहिरात. '४+३' लिहिलं असेल तर प्रोसेसरच्या कोरला मिळतात पहिले चारच. बाकीचे एसओसी, म्हणजे चिपमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागासाठी. काही बोर्डांवर एका फेजला दोन चोक लावून आकडा फुगवलेला असतो. म्हणून बोर्डाच्या नावापुढे 'व्हीआरएम तापमान' लिहून रिव्ह्यू शोधा.

तीन, बायोसमधले पर्याय. व्होल्टेज ऑफसेट आणि लोड-लाइन कॅलिब्रेशन आहे का? मॅन्युअलची पीडीएफ कंपनीच्या साइटवर फुकट असते. विकत घ्यायच्या आधी वाचा.

चार, पुढची वाट. बी-४५० वर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो. पण अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा, नाहीतर नवा प्रोसेसर आणून काळी स्क्रीन बघत बसाल. आणि काही बोर्डांच्या नव्या बायोसमध्ये जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलेला असतो, तेही आधी तपासा.

नावंच हवी असतील तर एमएसआयचे बी-४५० टोमाहॉक आणि बी-४५०-एम मॉर्टर हे दोन बोर्ड त्या काळात व्हीआरएमसाठीच नावाजले गेले. आता ते बहुतेक वापरलेलेच मिळतील.

आरजीबी, चकचकीत पत्रा, 'गेमिंग' हा शब्द, यांचे पैसे देऊ नका.

सेकंडहँड घेताना

लॅमिंग्टन रोडला घ्या, तपकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन घ्या, बोर्ड चालू करून दाखवल्याशिवाय पैसे नाहीत. सिनेबेंच निदान १० मिनिटं चालवायला सांगा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. व्हीआरएमचं तापमान शंभरीच्या आत हवं. सगळ्या बोर्डांवर तो सेन्सर नसतो. नसेल तर वेग शेवटपर्यंत टिकतो का ते बघा. व्हीआरएमच्या मागच्या बाजूला बोर्ड तपकिरी पडला असेल तर सरळ नाही म्हणा.

या प्रोसेसरच्या पिना बोर्डावर नसून प्रोसेसरलाच असतात. कूलर काढताना पेस्ट चिकटलेली असली तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर हलकेच पिळत काढा.

अजून एक गंमत. १६०० सोबत येणारा रेथ स्पायर कूलर हवा खाली फेकतो, त्यातली थोडी व्हीआरएमलाही मिळते. तुम्ही महागडा टॉवर कूलर लावलात की प्रोसेसर थंड आणि व्हीआरएमची हवा बंद! तेव्हा केसच्या मागच्या पंख्यावर काटकसर करू नका. आणि व्होल्टेज १.३५ च्या आसपास थांबवलेलं बरं.

तिला मी काय सांगितलं

पहिलं, रॅम बघ. एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घे आणि दोन चॅनेलवर लाव. रायझनच्या आतली जोडणी रॅमच्या वेगावर चालते, त्यामुळे पीसी एकंदर मोकळा वाटेल. रेंडरला मात्र याचा फायदा थोडाच.

दुसरं, खरा हिशोब. १२ टक्के वेग म्हणजे ५० मिनिटांचं रेंडर होईल साधारण ४५ मिनिटांत. रोज दहा रेंडर असतील तर साधारण पन्नास मिनिटं वाचली. दोनच असतील तर दहा मिनिटांसाठी सहा हजार? ५६०० इतका फरक कुठलाही ओव्हरक्लॉक देणार नाही. म्हणून तुझ्या ए-३२० बोर्डाला ५६०० चं बायोस आलंय का ते सपोर्ट लिस्टमध्ये बघ. आलं असेल तर बोर्ड घेऊच नको, प्रोसेसरसाठी पैसे साठव.

तिने बघितलं. बायोस आलेलंच नाही. म्हणजे बोर्ड बदलणं भाग होतं. तिने ३,८०० ला वापरलेला बी-४५० घेतला, जाड हीटसिंकवाला, दुकानदाराला सिनेबेंच चालवायला लावून. उरलेल्या पैशांत रॅमची वापरलेली पट्टी. सध्या ३.७ वर चालवतेय, व्होल्टेज फार न वाढवता. ५६०० दिवाळीनंतर बघू म्हणाली.

तुमच्याकडे जुना बोर्ड असेल तर सॉकेटच्या आजूबाजूचा स्पष्ट फोटो आणि बोर्डाचं पूर्ण नाव पाठवा. पुढच्या भागात त्यातले चार-पाच घेऊन बोलू. तोवर, केसमधली धूळ तेवढी काढून टाका!