अर्धा अँटेना म्हणजे गाडीचा टप

गाडीत रेडिओ सेट बसवून झाला की हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "एसडब्ल्यूआर किती आला?" दीड आला तर चेहरा खुलतो, एकास एक आला तर चहा पाजला जातो. पण अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड जोडला तरी मीटर एकास एकच दाखवतो, आणि त्यातून सिग्नल सोसायटीच्या फाटकाबाहेरही धड जात नाही. सेटने पाठवलेली ताकद परत आली नाही, एवढंच तो आकडा सांगतो. ती हवेत गेली की वाटेत जिरली, हे मीटरला कळत नाही.

वाटेत जिरायची हक्काची जागा म्हणजे केबल. आरजी-५८ ही नेहमीची बारीक केबल पाच मीटर टाकली, तर १४५ मेगाहर्ट्झला साधारण पाचवा हिस्सा ताकद तिच्यातच संपते, आणि ४३५ला जवळपास तिसरा. अँटेनाकडून उलट येणारी लाटही त्याच केबलमधून येताना आणखी क्षीण होते. त्यामुळे सेटजवळ लावलेल्या मीटरला सगळं आलबेल दिसतं. पावसाळ्यात जोडणीतून पाणी शिरलं की आकडा चक्क सुधारतो आणि समोरच्याला आपला आवाज कमी पोचतो! केबलचे तुकडे कापून एसडब्ल्यूआर 'जुळवणं' हाही त्याच जातीचा प्रकार. मीटरची सुई हलते. अँटेना होता तसाच राहतो.

दुसरा समज खरेदीचा: गेन जास्त तो अँटेना भारी. खोक्यावरचा 'डीबीआय' हा आकडा एका काल्पनिक, सगळीकडे सारखंच प्रक्षेपण करणाऱ्या बिंदूच्या तुलनेत असतो. तोच अँटेना साध्या डायपोलशी तोलला की २.१५ वजा होतात. म्हणजे खोक्यावरचे तीन प्रत्यक्षात एकही नाहीत. शिवाय गेन म्हणजे नवी ताकद नव्हे. वरखाली जाणारी लाट दाबून ती क्षितिजाकडे वळवलेली असते. सोलापूरच्या सपाटीवर त्याचा फायदा आहे. ताम्हिणी किंवा वरंध घाटात तुम्ही दरीत आणि सिग्नल पुढे पाठवणारा रिपीटर डोक्यावरच्या सुळक्यावर, तेव्हा अर्धा मीटर लांबीची साधी पाव-तरंग काडी कित्येकदा सव्वा मीटरच्या पाच-अष्टमांश काडीच्या बरोबरीने चालते. आणि ती पार्किंगच्या छताला आपटत नाही, हे वेगळंच.

वॉट वाढवून पल्ला वाढेल, ही आशाही फारशी फळत नाही. २५चे ५० वॉट केले की समोरच्याच्या मीटरवर जेमतेम अर्धा एस-अंक चढतो. मधे डोंगर असेल तर तो तिथेच उभा.

आता माझ्या मते सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. लोक काडीला अँटेना म्हणतात. पाव-तरंग काडी हा अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे तिच्या खालचा पत्रा. १४५ मेगाहर्ट्झच्या दोन मीटर बँडवर काडीच्या चहूबाजूंना निदान तिच्या लांबीएवढा, म्हणजे साधारण अर्धा-अर्धा मीटर पत्रा मिळाला तर उत्तम, आणि तो मिळतो टपाच्या मध्यावर. बंपरवर किंवा डिकीच्या कडेला लावलं की अँटेना चालतो, पण एककल्ली होतो: मागच्या डाव्या कोपऱ्यात असेल तर पुढे उजवीकडे, म्हणजे गाडीचा पत्रा जिकडे पसरलाय तिकडे, जास्त जोर लागतो. हल्लीच्या भल्यामोठ्या सनरूफने तर हा अर्धा अँटेनाच पळवला आहे. काचेला लोहचुंबक चिकटत नाही, आणि काच पत्र्याचं काम करत नाही. अशा गाडीला अर्ध-तरंग अँटेना घ्यावा, त्याला खालच्या पत्र्याची फारशी गरज नसते.

मग मॅग माउंटचं, म्हणजे चुंबकाने टपाला चिकटणाऱ्या तळाचं काय? तो पत्र्याला चिकटलेला असला तरी रंगामुळे विजेच्या दृष्टीने थेट जोडलेला नसतो. तळ आणि टप यांच्यात रंगाच्या पातळ थरातून कपॅसिटर तयार होतो, आणि दोन मीटरवर तेवढं बास होतं. परवान्याविना चालणाऱ्या २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडवर मात्र लाट अकरा मीटरची. तिथे छोट्या तळाची ही जोडणी तोकडी पडते. थेट पत्र्याशी जोडलेला पक्का माउंट बरा. चुंबक ठेवण्याआधी टप पुसून घ्या. खाली धुळीचा कण राहिला की तो रंगावर चरे काढतो आणि पुढच्या पावसात तिथेच गंज धरतो. केबल दाराच्या रबरातून आत घेताना बाहेर खाली झोळ सोडा, नाहीतर पाणी तिच्या अंगाअंगाने थेट आत येतं.

शेवटी काडी कापायचं काम. १४४ला एसडब्ल्यूआर कमी आणि १४६ला जास्त असेल, तर काडी लांब आहे. मध्य एक मेगाहर्ट्झ वर न्यायला साडेतीन मिलिमीटर पुरतात, तेव्हा पक्कड नको, कानस घ्या. आणि मोजमाप बेसमेंटमध्ये नको. गाडी मोकळ्या मैदानात न्या, दारं, डिकी लावून घ्या, टपाला टेकून उभ्या असलेल्या मित्राला जरा लांब पाठवा, मग बटण दाबा.