कुंडीतल्या झाडाची उपासमार

सेंद्रिय मातीत लावलेल्या कुंडीतल्या झाडाची पाने पिवळी पडू लागली की लगेच मूठभर खत टाकले जाते. पुष्कळदा कुंडीत अन्नद्रव्य असतेच, झाडाला ते घेता येत नसते. शेणखत, गांडूळखत किंवा निंबोळी पेंडीतले नत्र सूक्ष्मजीवांनी आधी पचवावे लागते, तेव्हा ते मुळांना शोषता येते. या जीवांना ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागतात. माती चिखलट झाली किंवा गच्चीवरच्या उन्हात कोरडी ठणठणीत पडली की त्यांचे काम थंडावते. लाकडाचा भुसा किंवा अर्धकच्चा पालापाचोळा मिसळला असेल तर आणखी एक अडचण येते. कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण ३०:१ च्या वर गेले की सूक्ष्मजीव मातीतले उपलब्ध नत्र स्वतःसाठीच वापरतात आणि खत घालूनही झाड उपाशी राहते.

कमतरता ओळखताना पहिला प्रश्न एकच : जुनी पाने आधी बिघडली की नवी? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात हलू शकतात. तुटवडा पडला की झाड ती खालच्या पानांतून काढून शेंड्याला देते, म्हणून लक्षणे खालून सुरू होतात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन सहसा हलत नाहीत. त्यांची टंचाई कोवळ्या पानांवर आणि शेंड्यावर दिसते. गंधकाचा पिवळेपणाही बहुधा नव्या पानांपासून सुरू होतो.

खालचे अख्खे पान, शिरांसकट, सारखे फिकट पडत गेले आणि वाढ खुंटली तर नत्र कमी आहे. खालच्याच पानांच्या कडा आधी पिवळ्या पडून मग करपल्या तर पालाश कमी आहे. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियमकडे बोट जाते. लिंबाच्या पानात अशा वेळी देठाकडे उलट्या व्ही-आकाराचा हिरवा पट्टा उरतो. स्फुरदाची खूण म्हणजे जुनी पाने गडद, निस्तेज, खालून जांभळट. शेणखत-गांडूळखत नियमित घातलेल्या कुंडीत ती क्वचितच दिसते.

हिरव्या शिरांचे हेच जाळे शेंड्याच्या नव्या पानांवर दिसले तर कमतरता लोहाची असते. म्हैसूरमध्ये ती समजून घेण्यासारखी आहे. तिथली माती तांबडी असते, आणि हा रंग लोहाच्या ऑक्साइडांचाच. तरीही त्या मातीत लावलेला गुलाब, मोगरा किंवा कढीपत्ता लोहावाचून पांढरट पडू शकतो. मातीचा सामू ७.५ च्या पुढे सरकला की लोह विरघळेनासे होते. बोअरच्या जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतला सामू हळूहळू चढतो. वर चुलीची राख किंवा अंड्याच्या टरफलांची पूड पडली तर त्याला हातभारच लागतो. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर आणि मातीवर साचलेला पांढरा थर क्षारांचा पुरावा असतो. पावसाचे पाणी साठवून घालणे हा इथे सर्वांत साधा आणि चांगला उपाय. चिलेटेड लोह घ्यायचेच असेल तर पुडीवरचे नाव वाचावे. ईडीटीए प्रकारचे लोह अल्कधर्मी मातीत टिकत नाही; तिथे ईडीडीएचए लागते.

कमतरतेचे दुसरे स्थानिक कारण पाऊस. म्हैसूरला वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो लांबवर पसरलेला असतो. मे महिन्यातले वळीव, मग नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, असे त्याचे तीन टप्पे. उघड्यावरच्या कुंडीतून प्रत्येक मोठ्या सरीबरोबर नायट्रेट आणि पालाश खालच्या भोकातून निघून जातात. जमिनीतले झाड खोल मुळांनी त्यातले काही परत मिळवते, कुंडीतल्या झाडाला तेवढी खोली नसते. त्यामुळे मे महिन्यात एकदाच भरपूर खत घालण्यापेक्षा पावसाळाभर थोडे थोडे देणे बरे.

कोकोपीटचे मिश्रण असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवरही लक्ष ठेवावे. नीट न धुतलेल्या कोकोपीटात सोडियम-पालाश जास्त असतो आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते. टोमॅटोच्या टोकाशी पडणारा काळा, चामड्यासारखा डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने येतो. पण मातीत चुना असूनही तो दिसतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढते आणि एक दिवस कोरडी, एक दिवस तुडुंब अशा कुंडीत त्याचा प्रवाह तुटतो. अशा वेळी पाण्याची पाळी सुधारावी.

खत देण्याआधी नकली खुणा वगळणे सर्वांत महत्त्वाचे. मिरचीचा शेंडा आकसला, पाने वळली, तर बहुधा फुलकिडे, कोळी किंवा चुरडा-मुरडा रोग असतो. पान उलटून भिंगाने पाहिले की कीड कळते. नंतर झाड मातीच्या गड्ड्यासकट अलगद बाहेर काढावे. पांढरी, भरीव मुळे म्हणजे झाड ठीक आहे. तपकिरी, चिकट, वास मारणारी मुळे निचरा बिघडल्याचे सांगतात. कुजकी मुळे कोणतेही अन्न घेत नाहीत आणि वर पानांवर नत्राची व लोहाची लक्षणे एकत्र दिसतात. मुळ्यांचा घट्ट वेढा झाला असेल तर मोठी कुंडी हवी. माती वाफशावर नसताना पेंडीचे पाणी ओतल्याने दुखणे वाढते.

एका वेळी एकच उपाय करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. नत्रासाठी भुईमुगाची पेंड भिजवून, गाळून, भरपूर पाण्यात पातळ करून द्यावी; मॅग्नेशियमसाठी लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी पुरते. नत्र मिळाल्यावर फिकट पाने काहीशी सावरतात, पण करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. सुधारणा पुढच्या पंधरा-वीस दिवसांत येणाऱ्या नव्या पानांत शोधावी.

तरीही उलगडा झाला नाही तर माती तपासावी. म्हैसूर जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र नंजनगूड तालुक्यात सुत्तूरला आहे. अशा केंद्रांत आणि कृषी खात्याच्या प्रयोगशाळांत बहुधा ही सोय असते. नमुना वरच्या थराचा न घेता मुळांच्या खोलीवरचा, तीन-चार कुंड्यांतला एकत्र करून घ्यावा. अहवालात नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे हेक्टरी किलोत येतात. ते शेतासाठी असतात, कुंडीच्या हलक्या मिश्रणाला तसेच्या तसे लागू होत नाहीत. कुंडीसाठी सामू आणि विद्युत वाहकता हे दोन आकडे आधी वाचावेत. सामू ६ ते ७ च्या दरम्यान आणि वाहकता कमी असेल, तरच खत वाढवण्याचा विचार करावा.