पोटही भरावं, केसही चमकावेत!

मुलांनो, तुमच्या मोत्याची ताटली रिकामी झाली, की तो पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघत बसतो ना? मग आपण अजून अर्धी पोळी टाकतो. पोट भरतं, वजनही वाढतं, पण अंगावरचे केस मात्र राठ नि निस्तेजच राहतात. असं का बरं होत असेल?

कारण पोट भरणं वेगळं आणि पोषण होणं वेगळं. १९२९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या पती-पत्नींनी उंदरांवर प्रयोग केला. त्यांच्या खाण्यात साखर होती, दुधातलं प्रथिन होतं, क्षार आणि जीवनसत्त्वंही होती. नव्हते ते फक्त स्निग्ध पदार्थ. काही महिन्यांत उंदरांच्या कातडीवर खवले आले, वाढ खुंटली. थोडी चरबी दिल्यावर ते सुधारले! पुढच्याच वर्षी या दोघांनी त्यातला मोलाचा घटक दाखवून दिला: लिनोलिक आम्ल. कुत्र्याच्या शरीरालाही ते बनवता येत नाही, अन्नातूनच मिळावं लागतं.

आता एक कोडं. पोट भरावं पण वजन वाढू नये, म्हणून खाद्य बनवणारे त्यात चोथा आणि प्रथिनं वाढवतात, स्निग्ध पदार्थ कमी करतात. १ ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ उष्मांक मिळतात, प्रथिनांतून सुमारे ४, चोथ्यातून अगदीच थोडे. पण स्निग्ध पदार्थ फार घटवले, तर लिनोलिक आम्लही घटतं. शिवाय धान्याच्या कोंड्यातलं फायटिक आम्ल जस्ताला धरून ठेवतं. जस्त कमी पडलं, की कातडीवर खपल्या धरतात, केस गळतात. म्हणजे पोट भरायला घातलेला कोंडा केसांचाच खाऊ पळवतो!

म्हणून प्रमाण सांभाळायला हवं. अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेनं ठरवलेलं माप असं: मोठ्या कुत्र्याच्या १०० ग्रॅम खाद्यात, पाणी वगळून, किमान १८ ग्रॅम प्रथिनं आणि ५.५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असावेत, त्यात १.१ ग्रॅम लिनोलिक आम्ल हवंच. प्रथिनं कशाला? केस मुख्यतः त्यांचेच तर बनतात!

घरी नुसती दूध-पोळी नको. उकडलेलं अंडं किंवा कोंबडी, थोडा भात आणि मीठ-मसाल्याशिवाय शिजवलेला लाल भोपळा द्या. भोपळ्यातल्या पाण्यानं आणि चोथ्यानं पोट भरतं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. पण ते किती घालायचं, हे जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारा. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट मात्र कधीच नाही हं! नवं खाणं आठवडाभरात हळूहळू सुरू करा.

पालकहो, केस गळण्यामागे पिसवा, खरूज किंवा एखादा आजारही असू शकतो. तेव्हा आधी तपासणी करून घ्या.

आणि मुलांनो, आजच मोत्याच्या बरगड्यांवरून अलगद हात फिरवा. त्या हाताला लागल्या पण डोळ्यांना दिसल्या नाहीत, तर समजा, मोत्याचं वजन बेताचं आहे. मग तो कितीही केविलवाणा बघू दे, ती जादा अर्धी पोळी डब्यातच राहू द्या!