मनोपचारकाची निवड

शाहू महाराजांनी आखून वसविलेल्या जयसिंगपुरात गल्ल्यांना क्रमांक आहेत, आणि कितव्या गल्लीतला कोण कोणत्या दवाखान्याची पायरी चढला याची वार्ता पेठेत पोचण्यास संध्याकाळही लागत नाही. म्हणूनच मनाच्या दुखण्याकरिता येथील पुष्कळ मंडळी मिरजेची किंवा कोल्हापूरची गाडी पकडतात. त्यास हरकत नाही. मात्र हा उपचार आठवड्यामागून आठवडे चालावयाचा असल्याने, लांबचा नामांकित उपचारक दोन भेटींतच सुटण्याचा संभव अधिक.

औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, आणि ज्याचे कार्य मुख्यत्वे संभाषणातून चालते तो मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक. भास होणे, कित्येक रात्री झोप न लागणे, जीव नकोसा वाटणे अशी लक्षणे असतील तर प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या दप्तरी असते, तो क्रमांक खुशाल विचारावा. समुपदेशकाची पाटी मात्र अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमावरही लागलेली आढळते.

फी, मुदत, उपचाराची रीत यांची चौकशी पहिल्याच भेटीत करावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास गुप्ततेचा हक्क दिला आहे. सबब जिवावर बेतलेले नसताना प्रौढ रुग्णाची हकिकत त्याच्या वडिलांना परस्पर कळविणाऱ्या गृहस्थाकडे, तो कितीही वडीलधारा असला तरी, पुन्हा न जाणे बरे. चारसहा भेटींनंतरही मन मोकळे होत नसल्यास उपचारक बदलण्यात भीड बाळगू नये. तातडीच्या प्रसंगी ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, अहोरात्र आणि विनामूल्य बोलता येते.